कुठं तुटावं

तीन सेलची बॅटरी टाकली त्याच संध्याकाळी
मागचा डावा शाफ्ट गेला.
तुटला नाही, पिळला,
पिळून दोरीवर टाकलेल्या दुपट्ट्यासारखा,
आणि ट्रक कोरड्या नाल्यात
एकाच चाकानं वाळू उडवत गुरगुरत राहिला.

श्रावस्ती बेशरमाच्या झुडपांतून धावली,
कोंबडी धरावी तसा उलटा धरून घेऊन आली.
"मामा, याचं हाड सरकलं."

हाड प्लॅस्टिकचं. चार मिलिमीटरचा दांडा,
नळीत मागंपुढं सरकणारा.
कारखान्यानं तो एका गरीब मोटरीसाठी घडवला होता.
मोटर मी बदलली.
चाकं मोठी केली.
उपटलेल्या पऱ्हाटीच्या वावरात खुंटांना पोट घासतं
म्हणून चासी दोन बोटं वर घेतली.
मधला तेवढा तसाच ठेवला.
दिवसभर पाणबुडीच्या मोटरी भरतो मी,
तांब्याच्या तारेचे वेढे मोजून मोजून;
मला तरी हे सुचायला पाहिजे होतं.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भाव लिहिले.
जाड प्लॅस्टिकचे, दोनशे चाळीस.
पोलादी, सरकते, साडेचौदाशे.
पोलादी, गोळीच्या सांध्याचे, कितीही वळले तरी एकसारखे फिरणारे,
एकोणतीसशे.
म्हणजे दोन मोटरींची मजुरी,
आणि ताईला काय सांगायचं ते वेगळं.

रोहण्याच्या रस्त्याला ढेपे मिस्त्रीचं लेथ.
चव्वेचाळीस डिग्रीत टिनाखाली
रोटाव्हेटरचा क्रॉस ठोकून काढत होते.
आमचा पिळलेला दांडा त्यांनी
ट्रॅक्टरच्या शाफ्टशेजारी ठेवला.
"बाप-लेक दिसून राह्यले," म्हणाले, अन् हसले नाहीत.
दोन बोटांत धरून सांधा वाकवला.
"गाडी वर उचलली ना तुनं?
येवढ्या तिरप्यात पोलादही अडते.
आधी एक बोट खाली घे, मंग बोल."

मग थ्रेशरचा एक बोल्ट काढला डब्यातून,
साधा, कच्च्या लोखंडाचा.
"पोरी, हा कच्चाच काऊन देतात, सांग."
"तुटायले."
"मंग?"
लेथचा पट्टा फटफटत होता.
तिनं बोल्ट हातात फिरवला, चड्डीला पुसला.
"मंग आपण पोलाद टाकलं, तं पुढं काय तुटन?"
"डब्यातला गेअर."
"गेअर कितीचा, मामा?"

साडेतीन हजारांचा, पूर्ण डब्यासकट.
मी तो आकडा कागदावर लिहिलाच नव्हता.

मागं पोलादी, सरकते. जोर तिथंच लागतो.
समोर जाड प्लॅस्टिक,
कारण बांधावरून उडी मारली की ट्रक नाकावर पडतो
आणि पडणाऱ्याजवळ मोडायला काहीतरी स्वस्त हवं.
गोळीच्या सांध्यांवर रेघ मारली. थोडं जड गेलं.
चासी दीड बोट खाली आली; खुंट आता पुन्हा घासतात.
बारीक स्क्रूंना निळा गोंद लावला,
रात्रभर कुलरपासून लांब ठेवला, धूळ बसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाचव्या उडीला
समोरचा उजवा गेला. टक.
श्रावस्तीनं खिशातून दुसरा काढला,
तुराट्यांच्या पेंढीवर बसली,
पिन दातांत धरली,
सात मिनिटांत बसवला. मी मोजत होतो.

स्क्रू आवळता आवळता, मान वर न करता,
"मामा, आपल्या घरी कच्चा बोल्ट कोन हाये?"

मी तिची छोटी किल्ली शोधायला लागलो.
ती तिच्याच हातात होती.